नासपती, सफरचंद आणि पैठणी

लग्न ठरलं, हॉल मिळाला, की आजकाल नवरीला पहिला प्रश्न येतो, "तुझा बॉडी शेप कोणता?" कमरेखाली रुंद असेल तर ती नासपती. पोटाशी भरलेली असेल तर सफरचंद. वरपासून खालपर्यंत सारखी असेल तर आयत. छाती आणि नितंब भरलेले, मध्ये कंबर बारीक, असं असेल तर वाळूचं घड्याळ. मग प्रत्येकीला तिचं काम वाटून दिलं जातं. नासपतीने मांड्या लपवायच्या, सफरचंदाने पोट लपवायचं, आयताने नसलेली कंबर दाखवायची. घड्याळाने काहीच करायचं नाही, कारण बाकी तिघींनी तिच्यासारखं दिसायचं असतं.

हा तक्ता मला मान्य नाही. तो उद्धट आहे हे एक कारण झालं. दुसरं कारण जास्त महत्त्वाचं : मांडवात बसणाऱ्या नवरीला त्याचा काडीचा उपयोग नाही.

अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायना स्टेट युनिव्हर्सिटीत २००५ च्या सुमारास सहा हजारांवर स्त्रियांच्या मापांचा अभ्यास झाला. त्यात घड्याळाच्या बांध्याच्या निघाल्या साधारण ८ टक्के. सर्वांत जास्त, जवळजवळ निम्म्या, निघाल्या आयत. म्हणजे जिथे हा तक्ता रुजला तिथल्याही शंभरातल्या नव्वदांहून अधिक जणी त्यात नापास. एवढ्या जणी नापास होत असतील तर परीक्षा रद्द करावी, मुलींना शिकवणी लावू नये.

आपल्याकडे तर बायकांची मापं नीट मोजलेलीच नव्हती. रेडीमेड कपड्यांवरचे आपले एस, एम, एल हे अमेरिकी आणि ब्रिटिश तक्त्यांवरून उचललेले, इकडे थोडं वाढवून, तिकडे थोडं कमी करून. भारतीय शरीराचा स्वतःचा तक्ता हवा म्हणून निफ्ट या राष्ट्रीय फॅशन संस्थेने 'इंडियासाइज' हा प्रकल्प हाती घेतला. मुंबई धरून सहा शहरं, १५ ते ६५ वयाची २५,००० माणसं, थ्रीडी स्कॅनरने घ्यायची मापं, असा त्याचा आराखडा. स्वातंत्र्यानंतर इतक्या दशकांनी या देशाला आपल्या माणसांची छाती-कंबर मोजावीशी वाटली. तेव्हा लेहंग्याचा टॉप एममध्ये चढत नसेल आणि एलमध्ये खांद्यावरून उतरत असेल, तर मुलीच्या अंगात काही बिघडलेलं नाही. ट्रायल रूममधून तोंड पाडून बाहेर येणाऱ्या लेकीला तिच्या आईने हे तिथल्या तिथे, दुकानदाराच्या देखत सांगायला हवं.

तिथे सांगतात भलतंच. बस्त्याचं दुकान डोळ्यांसमोर आणा. पांढऱ्या गादीवर साड्यांचा ढीग, विक्रेता पदर स्वतःच्या खांद्यावर टाकून दाखवतोय, समोर आई, मावशी, आत्या, होणाऱ्या सासूबाई आणि कडेला, जिच्यासाठी हे चाललंय ती मुलगी. "ताईंच्या अंगाला मोठा काठ नको." "सावळ्या रंगाला जांभळा उठत नाही." "अजून दोन महिने आहेत, तोवर बारीक होईल ती." मुलगी हसते. हसण्यावाचून तिला पर्याय नसतो, शेजारी सासूबाई बसल्यात. एरवी घरात कुणी पाहुण्याने तिच्या पोटाबद्दल बोललं असतं तर आईने चहासुद्धा विचारला नसता. दुकानात मात्र सगळ्यांना परवानगी. ही परवानगी काढून घ्या. बस्त्याला किती माणसं न्यायची हे मुलीने ठरवावं, आणि नेलेल्या माणसांनी साडीबद्दल बोलावं, अंगाबद्दल नाही. सावळ्या मुलीला गर्द जांभळी पैठणी काय दिसते हे ज्यांनी पाहिलंय त्यांना रंगाचं ते शास्त्र सांगायला जाऊ नका.

आता साडीकडे वळू. पैठणी घ्या, शालू घ्या, कांजीवरम घ्या, इरकल घ्या, कापड सरळ आणि लांब. नऊवारी म्हणजे सव्वाआठ मीटर. ते कुणाच्याही मापाने कापलेलं नसतं, नेसणारी त्याला आपला आकार देते. साडीच्या अभ्यासक ऋता कपूर चिश्ती यांनी देशभरातल्या साडी नेसण्याच्या शंभराहून अधिक पद्धती नोंदवल्या आहेत. ज्या गोल साडीला आपण 'नेहमीची' म्हणतो ती त्या मानाने अलीकडची. रवींद्रनाथांच्या वहिनी ज्ञानदानंदिनी देवी टागोर १८६० च्या दशकात पतीबरोबर मुंबईत राहिल्या, पारशी बायकांचं नेसणं त्यांनी पाहिलं, आत परकर, वर ब्लाउज अशी पद्धत उचलली आणि बंगालमध्ये नेली. आपल्या आज्या-पणज्या नऊवारीवरून पाचवारीवर आल्या. वावरायला जे सोयीचं, ते त्यांनी नेसलं. आणि खणाची चोळी आठवा. पुढे गाठ मारायची. दिवस गेले, बाळ अंगावर पिऊ लागलं, वय वाढलं, की गाठ थोडी सैल. तीच चोळी वर्षानुवर्षं. अंग बदलणार हे गृहीत धरून शिवलेला कपडा आपल्याकडे होता. त्या घरांतल्या मुलींना आज आम्ही फळांची नावं देतोय.

बांध्याचा विचार करूच नये असं मी म्हणत नाही. करावा, पण कापडाच्या बाजूने करावा. उंच मुलीने पहिल्यांदा साडीचा पन्हा बघावा. पन्हा कमी पडला की घोटे उघडे राहतात आणि मग दिवसभर साडी खाली ओढत बसायचं. ठेंगणीने उलट बघावं : जास्तीचा पन्हा कमरेशी दुमडून खोचला जातो आणि तिथे विनाकारण जाडी येते. परकर त्या उंचीचा आणि सपाट पट्ट्याचा शिवून घेतला तर अर्धं काम होतं. नितंब रुंद असतील तर पाचवारीच्या निऱ्या कमी पडतात, तेव्हा लांबी दुकानातच मोजून घ्यावी, ब्लाउजपीस धरून किती आणि सोडून किती. टिश्यू आणि ऑर्गेन्झा फुगतात, कुणाच्याही अंगावर फुगतात. जाड बनारसी ताठ उभी राहते. जुन्या धाटणीची रेशमी पैठणी अंगासरशी बसते, पण तिचा जरीचा पदर जड असतो. त्यावर शेला, त्यावर हार. अरुंद किंवा उतरत्या खांद्यांच्या मुलीला हे ओझं दुपारपर्यंत पाठीत जाणवू लागतं. तिच्यासाठी पदराची जरी थोडी हलकी निवडा. मोराच्या नक्षीत दोन मोर कमी आले तर लग्न अडत नाही.

पैठणी उलटी करून बघायचा सल्ला येवल्याच्या विणकरांकडे गेलेल्या प्रत्येकीला मिळालेला असतो. हातमागावरच्या पैठणीचा पदर मागूनही पुढच्यासारखाच दिसतो, कारण नक्षीचा प्रत्येक रंग जागच्या जागी हाताने गुंफलेला असतो. यंत्रमागावरच्या 'सेमी'मध्ये मागच्या बाजूला धागे मोकळे लोंबतात. अस्सल-नकलीच्या पारखीसाठी हे सगळ्यांना माहीत असतं. नवरीसाठी त्याचा दुसरा अर्थ आहे. ते मोकळे धागे हिरव्या चुड्यात अडकतात, बोटातल्या अंगठीत अडकतात, आणि पदर सोडवण्यात एक हात कायमचा गुंततो. सेमी घ्यायला हरकत नाही. अस्सल पैठणीची किंमत सगळ्यांना झेपणारी नाही आणि त्यात कमीपणाही नाही. फक्त पदराच्या मागून पातळ अस्तर लावून घ्या.

खरा पैसा आणि खरा वेळ द्यायचा तो ब्लाउजला. साडी कितीही सांभाळून घेते, ब्लाउज घेत नाही. या संपूर्ण पोशाखात अंगाला चिकटून शिवलेली गोष्ट ती एवढीच. आणि तिच्यावर आपण शेवटच्या आठवड्यात धाव घेतो, शिंप्याकडे पन्नास ब्लाउज रांगेत असताना. मग गळा मोठा होतो, मुंढा काचतो, बाही दंडाला करकचून बसते आणि नवरीच्या दंडावर दिवसभर लाल वळ. 'दंड जाड आहेत' हे मग सगळ्या घराला वाटतं. दंड होते तेवढेच आहेत, बाही अर्धा इंच कमी झालीय.

शिंप्याशी बोलताना गळ्याचं डिझाइन सगळ्यात शेवटी बोला. आधी दागिने दाखवा. ठुशी आणि तन्मणी गळ्यालगत बसतात, त्यांना मोकळा गोल किंवा चौकोनी गळा लागतो. मोहनमाळ आणि लक्ष्मीहार खाली लोंबतात, त्यांच्यामागे बंद गळाही शोभतो. वाकी घालणार असाल तर बाही वाकीच्या वर संपायला हवी. छाती भरलेली असेल तर कटोरी किंवा प्रिन्सेस कट, आतून पक्कं अस्तर, आणि पाठ पूर्ण उघडी ठेवण्याच्या फंदात पडू नका, कारण सगळा भार मग खांद्यावर येतो. छाती लहान असेल तर पॅड घालायलाच हवेत असं कुठेही लिहिलेलं नाही. पाठीला नाड्या आणि लटकनं हवी असतील तर जरूर लावा, पण मानेपासून चार बोटं खाली. मंगळसूत्र मानेमागे बांधायचं असतं. आधीच हात थरथरणाऱ्या नवऱ्या मुलाला त्या लटकनांच्या गुंत्यात सोडू नका. आणि दोन्ही बाजूंना शिलाईत भरपूर माया ठेवायला सांगा. मायेसाठी चार बोटं कापड जास्त लागतं, तेवढ्याने ब्लाउज पुढची दहा वर्षं वापरता येतो.

ब्लाउज हातात आला की आरशासमोर सरळ उभं राहून बघण्यात काही अर्थ नाही. लग्नात नवरी सरळ उभी असतेच किती वेळ? दोन्ही हात वर करा, हार घालायचाय. उंच नवरा असेल तर टाचा उचलून करा. मग वाकून पायाला हात लावा, तेही पुन्हा पुन्हा, कारण मोठी माणसं खूप असतात. मांडी घालून बसा आणि पुढे झुकून ओंजळीतल्या लाह्या होमात टाकल्यासारखं करा. खोल श्वास घ्या. यातल्या कशातही हूक ताणला, काख ओढली, पाठ वर सरकली, की ब्लाउज परत. शिंपी कुरकुरेल. कुरकुरू द्या.

आता शिवलेली नऊवारी. पाच मिनिटांत घालून होते, निऱ्या सुटत नाहीत, म्हणून मुली ती घेतात आणि ते योग्यच आहे. पेशवाई, ब्राह्मणी, मस्तानी अशी नावं लावून दुकानात टांगलेल्या असतात. गंमत अशी की जो कपडा कुठल्याही बाईला बसत होता, तो शिवून आपण त्यालाही एस-एम-एल करून टाकलं. घ्यायची तर मापाने शिवून घ्या आणि मापात कमरेपेक्षा आसनाला जास्त महत्त्व द्या. आसन कमी पडलं की मांडी घालता येत नाही, पाटावर बसताना काष्टा ओढला जातो आणि मुलगी एका कुल्ल्यावर तिरकी बसून सगळे विधी काढते. फोटोत ती अवघडलेली दिसते. लोक म्हणतात, नवरी लाजतेय.

एक गोष्ट स्पष्ट लिहिते, कारण ती कुणी लिहीत नाही. आपल्या नवऱ्या मुली लग्नाच्या दिवशी पाणी पीत नाहीत. सकाळी तयार झाल्या की संध्याकाळपर्यंत घोट-दोन घोट. कारण एकच : या कपड्यात बाथरूमला जायचं कसं? एप्रिल-मेची लग्नं, समोर होम पेटलेला, अंगावर रेशीम, डोक्यात पिना, गळ्यात फुलांचं ओझं, आणि मुलगी तहानलेली. मग चक्कर येते. बायका दृष्ट काढतात. दृष्ट काढा, माझी ना नाही, पण आधी तिला पाणी द्या आणि जाता येईल असा कपडा द्या. शिवलेल्या नऊवारीला कमरेला हूक आणि चेन असावी, काष्टा सोडून परत लावता यावा, आणि हे एकदा घरी करून बघितलेलं असावं. सोबत एक करवली नेमा, तिचं काम फक्त हेच. पाळी येण्याचे दिवस असतील तर हा विचार दुपटीने करा. नवरीला कोणता कपडा शोभेल या प्रश्नात हा प्रश्न पहिला यायला हवा, आणि तो कुठल्याही ब्राइडल सल्ल्यात मला कधी दिसला नाही.

बारीक होण्याबद्दल. लग्न ठरल्यापासून मुलगी भात सोडते, पोळी सोडते, जिमचं ब्राइडल पॅकेज घेते. ब्लाउजचं माप कधी कधी त्याआधीच देऊन झालेलं असतं. लग्नाच्या आठवड्यात ब्लाउज ढगळ, गालफडं बसलेली, चिडचिड वेगळी. २९ जुलै १९८१ ला लंडनच्या सेंट पॉल्स कॅथीड्रलमध्ये डायनाचं लग्न झालं, तेव्हा तिचा गाऊन शिवणाऱ्या डेव्हिड आणि एलिझाबेथ इमॅन्युएल यांना तो पुन्हा पुन्हा कमरेत आत घ्यावा लागला होता, इतकी ती खंगत चालली होती. जगभर त्या गाऊनच्या मागे लोळणाऱ्या पंचवीस फुटी घोळाचं कौतुक झालं. त्या पोरीच्या पोटात तेव्हा अन्न टिकत नव्हतं, हे तिने स्वतः पुढे कितीतरी वर्षांनी सांगितलं. आणि एवढं करून तो टॅफेटा बग्गीत चुरगळलाच, पायऱ्यांवर ती उतरली तेव्हा चुण्या साऱ्या जगाला दिसल्या. वयाची विशीही तेव्हा नुकतीच लागलेली. आपल्या घरातली मुलगी लग्नाआधी जेवत नसेल तर तिच्या कमरेचं कौतुक करू नका, तिच्यापुढे ताट वाढा. व्यायाम करायचा तर जन्मभर करावा, मुहूर्तापुरता कशाला? आणि ब्लाउजचं शेवटचं माप लग्नाच्या दोन-तीन आठवडे आधी द्यावं, म्हणजे जे अंग मांडवात जाणार आहे त्याचंच माप शिंप्याकडे जाईल.

रिसेप्शनच्या गाऊनबद्दल आणि लेहंग्याबद्दल फार लिहीत नाही. हवा तर घ्या, उभंच राहायचं असतं. फक्त आतला कॅनकॅन एवढा नको की नवरा हातभर लांब उभा राहील, आणि तो उचलून जिना चढून बघा. मामाने दिलेली पिवळी अष्टपुत्री मात्र बऱ्याच घरांत गौरीहरापुरती नेसतात आणि घाईघाईने बदलतात. तसं करू नका. साधी, हलकी, सुती साडी ती. तिच्यात मुली हसताना दिसतात, नाकातली नथ सावरत का होईना, पण मोकळ्या. जमत असेल तर लग्न लागेपर्यंत ती अंगावर राहू द्या, शालू नंतर.

नवऱ्या मुलाचा शेप कुणी विचारत नाही. त्याचं पोट सुटलेलं असेल तर शेरवानी मोठी घेतात आणि विषय संपतो. मुलीच्या बाबतीतही विषय तसाच, तिथेच संपवा.

बस्त्याच्या दुकानदारांकडे माझी एक मागणी आहे. तुमच्या ट्रायल रूममध्ये तिन्ही बाजूंनी आरसे आहेत, दिवे आहेत, सेल्फीसाठी कमान आहे. तिथे एक लाकडी पाट ठेवा. साडी नेसवून झाली की मुलीला त्यावर मांडी घालून पंधरा मिनिटं बसवा, समोर पाण्याचा पेला ठेवा, आणि मग विचारा, "ताई, ही बांधू का?" काकू, मावशी, सासूबाई यांनी तोवर बाहेर गादीवर बसून चहा घ्यावा.